परदेशातल्या तुरुंगासाठी काही करायचंय? आधी टाकी मोजा

नाताळ जवळ आला की ठाण्यात, वाशी-नेरुळला, उत्तनच्या बाजूला चर्चमध्ये खोकी भरायला सुरुवात होते. जुने कपडे, ब्लँकेटं, साबण, बायबलं. कुणाची मावशी सिस्टर म्हणून आफ्रिकेत असते, कुणाच्या ओळखीचे फादर लॅटिन अमेरिकेत असतात, आणि तिथल्या तुरुंगासाठी काहीतरी पाठवायचं असतं. हेतूबद्दल शंका नाही. पण त्या सामानातलं बरंचसं तुरुंगाच्या फाटकाच्या आत जात नाही, आणि आत गेलेलं नेमक्या माणसापर्यंत पोचत नाही. मिशनची तुरुंगातली जी कामं खरंच टिकली, ती बहुतेक पाणी, खरूज, डाळ आणि कोर्टाच्या फायली यांची आहेत. त्यांचं तंत्र आहे, आणि ते शिकता येतं.

सुरुवात जॉन हॉवर्डपासून करावी लागते. १७७३ मध्ये हा धर्मनिष्ठ इंग्रज गृहस्थ बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला, म्हणजे तिथला तुरुंग त्याच्या अखत्यारीत आला, आणि तो तुरुंग बघायला गेला. निर्दोष सुटलेली माणसं आतच बसलेली, कारण जेलरची फी भरायला पैसे नव्हते. त्याने प्रवचन केलं नाही. एकेक तुरुंग फिरून कोठड्यांची लांबी-रुंदी, पाव किती वजनाचा मिळतो, पाणी कुठून येतं, आत किती जण कशासाठी आहेत, हे वहीत उतरवलं. १७७४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने सुटणाऱ्यांची फी रद्द करणारा आणि तुरुंगातल्या आरोग्याचा, असे दोन कायदे केले. पुढे तो युरोपभर तुरुंग मोजत हिंडला आणि १७९० मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खेरसोनला तापाने वारला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायकांच्या विभागात गेली आणि १८१७ पासून तिथे शाळा आणि शिवणकाम चालू केलं. ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर जाणाऱ्या बायकांना तिची समिती कापडाचे तुकडे, सुया, दोऱ्यांची पिशवी देत असे. कित्येक महिन्यांच्या जहाजप्रवासात हाताला काम, आणि उतरल्यावर विकायला गोधडी.

उलटं उदाहरणही याच मंडळींचं आहे, ते झाकून ठेवू नये. १८२९ मध्ये फिलाडेल्फियात जो मोठा तुरुंग उघडला, त्याच्या मागे क्वेकर आणि इतर धार्मिक सुधारकांचीच कल्पना होती: प्रत्येकाला वेगळी कोठडी, शांतता, बायबल, म्हणजे पश्चात्ताप होईल. पश्चात्तापापेक्षा वेड जास्त लागलं. कैद्याला काय हवंय हे बाहेरच्या चांगल्या माणसांनी ठरवलं की काय होतं, ते त्या इमारतीत दिसतं. कैद्यांना कसं वागवावं याच्या आजच्या मंडेला नियमांनुसार (संयुक्त राष्ट्र, २०१५, एकूण १२२ नियम) दिवसाचे २२ तास किंवा जास्त एकटं ठेवणं सलग १५ दिवसांपलीकडे चालत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पुढचे सगळे हिशोब एका काल्पनिक जिल्हा तुरुंगाचे आहेत: १५० जणांसाठी बांधलेला, आत ४००. हे प्रमाण ऐकून ठाणेकरांना नवल वाटायचं कारण नाही. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आपलं मध्यवर्ती कारागृह आहे, मंजूर क्षमता १,१०५, आणि आत तिप्पट-चौपट माणसं असल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो.

फाटक

परवानगी दोन ठिकाणची लागते, राजधानीतल्या कारागृह खात्याची आणि त्या तुरुंगाच्या अधीक्षकाची. वरचं पत्र असलं तरी अधीक्षक नाराज असेल तर तुम्ही रोज फाटकावर दोन तास उभे राहाल. आणि अधीक्षक बदलतात. म्हणून सगळं बोलणं लेखी ठेवायचं: कोण येणार, कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या बराकीपर्यंत. बदली झाली की नव्या साहेबासमोर तो कागद ठेवता येतो. नव्या देशात पहिले दोन-तीन महिने काहीही न वाटता फक्त ठरल्या वारी, ठरल्या वेळी जायचं. वाटप करणारे येतात आणि जातात, हे कैदी आणि पहारेकरी दोघांनाही पाठ असतं. दर मंगळवारी येणारा माणूस वेगळा.

कामाच्या अवजारांची यादी फाटकावरच्या रजिस्टरमध्ये आत जाताना आणि बाहेर येताना मोजून लिहून घ्यायची. हॅकसॉचं पातं तुटलं तर दोन्ही तुकडे बाहेर आणायचे. बादल्यांच्या लोखंडी कड्या आत चालत नाहीत, तारही नाही. त्यांची हत्यारं होतात. एक पाना हरवला तर सगळं काम वर्षभर बंद पडू शकतं.

प्रार्थना आणि साबण एकाच दिवशी ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. मंडेला नियम ६५ आणि ६६ प्रमाणे धर्मगुरूला भेटायचा हक्क कैद्याला आहे, पण त्याची इच्छा नसेल तर तिचा पूर्ण मान राखायचा आहे. साबण मिस्सेनंतर, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेनंतर, वाटला की मुसलमान कैदी, नास्तिक कैदी, दुसऱ्या पंथाचा कैदी रांगेत उभा राहताना विचार करतो. भारतात धर्मांतराच्या आरोपाची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे लवकर कळतं, युरोप-अमेरिकेतून थेट येणाऱ्या टीमला उशिरा. वार वेगळे, माणसं वेगळी, वाटपाच्या वहीत धर्माचा रकाना नाही.

पाणी

रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे तुरुंगासाठीचे आकडे सगळीकडे वापरले जातात: माणशी दिवसाला किमान १० ते १५ लिटर पाणी, २५ जणांमागे एक संडास, सामायिक कोठडीत माणशी ३.४ चौरस मीटर जागा. शेवटचा आकडा तुमच्या हातात नसतो. पहिले दोन असतात.

४०० जणांना १५ लिटर म्हणजे ६,००० लिटर रोज. ५,००० आणि १,००० लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या झाल्या तर एक दिवसाचा साठा होतो. टाकी जुन्या बराकीच्या छपरावर कधीही ठेवायची नाही. ६ टन वजन आहे, आणि वसाहतकाळातल्या त्या भिंती वरून भार घ्यायला बांधलेल्या नसतात. जमिनीवर लोखंडी किंवा काँक्रीटचा ३ मीटर उंच चौथरा करायचा. एवढ्या उंचीवरून नळाला बेताचा दाब मिळतो, मिनिटाला साधारण १० लिटर धरा. कोठड्या उघड्या असण्याच्या वेळेतले तीन तास पाण्यासाठी मिळाले, तर हिशोबाने चार नळ पुरतात. सहा बसवा, कारण दोन कायम बिघडलेले असतील. नळ दाबून धरायचे, आपोआप बंद होणारे, पितळी. प्लास्टिकचे नळ काही आठवड्यांत तुटतात आणि टाकी रात्रीतून रिकामी होते. वायसरचा डबा आणि पाना कुणाकडे राहील, हे टाकी चढवायच्या आधी ठरवा. शक्यतो प्लंबिंग येणारा कैदी आणि एक वॉर्डर, दोघांची जोडी. कैदी सुटतो, वॉर्डर राहतो.

रात्रीचं विसरलं जातं. बऱ्याच ठिकाणी दुपारी चार-पाचला कोठड्या बंद होतात त्या सकाळपर्यंत, म्हणजे चौदा-पंधरा तास. आत माणशी किमान २ लिटर पिण्याचं पाणी झाकणाच्या डब्यात असायला हवं, आणि शौचाची बादली झाकणवाली. ५० जणांच्या कोठडीत १०० लिटर. त्या डब्याला खाली तोटी हवी. सगळ्यांनी मग बुडवायला लागले की क्लोरिन टाकून उपयोग नाही.

क्लोरिनचं गणित ग्रामपंचायतीत काम केलेल्या कुणालाही माहीत आहे. आपली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, साधारण ३३ टक्के क्लोरिन असलेली, १,००० लिटरला ५ ग्रॅम. ६,००० लिटरला ३० ग्रॅम. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, अर्धा तास थांबायचं, मग नळाच्या टोकाला ओटी टेस्ट, म्हणजे उरलेला क्लोरिन रंगावरून दाखवणारी चाचणी. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेला क्लोरिन दिसला पाहिजे. परदेशात बहुधा ७० टक्क्यांची दाणेदार पावडर मिळते. तिचं प्रमाण निम्म्याहून थोडं कमी. टेस्टमध्ये रंगच आला नाही तर दोन शक्यता: पाणी फार घाण आहे, किंवा पावडर मेलेली आहे. उष्ण देशात उघड्या पोत्यातली पावडर काही महिन्यांत निकामी होते, म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, सावलीत, आणि तारीख टाकून.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पुढच्या टप्प्यावर. पाणी वाढलं की सांडपाणी वाढतं. ५ लिटरवर चालणाऱ्या तुरुंगाला तुम्ही १५ लिटर दिलेत तर १५० जणांच्या हिशोबाची सेप्टिक टाकी उफाळून अंगणात येते, आणि ज्या अंगणात अतिसार थांबवायला पाणी आणलं तिथेच तो पसरतो. आपल्या उदाहरणात रोजच्या ६,००० लिटरपैकी सुमारे ४,८०० लिटर टाकीत जाणार. ते एक दिवस तिथे थांबायला हवं, म्हणजे ५ घनमीटर. शिवाय गाळ, माणशी वर्षाला साधारण ४० लिटर, ४०० जणांचा १६ घनमीटर. वर्षातून एकदा उपसायची म्हटली तरी २१ घनमीटरची टाकी हवी. उपसणारा टँकर त्या गावात आहे का आणि तुरुंगाच्या फाटकातून आत मावतो का, हेही आधी बघायचं. देणगीदाराला नळाचा फोटो आवडतो, मैल्याच्या टाकीचा नाही. म्हणून पैसे मागताना दोन्ही एकाच अंदाजपत्रकात, एकाच ओळीत लिहावेत. वेगळे लिहिले की दुसरी ओळ कापली जाते.

खरूज

दाटीच्या तुरुंगात खरूज जवळजवळ ठरलेली. ती जीवघेणी वाटत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, पण रात्रभर खाजवून झोप नाही, नखांनी जखमा, जखमांत पू, आणि त्यातून पुढे मूत्रपिंडाचा आजारसुद्धा. नेहमीचा फसलेला प्रयोग असा: ज्यांना खाज आहे त्यांना बोलावून मलम दिलं, महिन्याभरात सगळं पूर्ववत. कारण पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर तो निरोगी दिसतो आणि शेजाऱ्याला देत राहतो.

म्हणून अख्ख्या कोठडीला, शक्य तर अख्ख्या तुरुंगाला, एकाच दिवशी औषध, खाज असो नसो. पहारेकऱ्यांनाही आणि त्यांच्या घरच्यांनाही. आयव्हरमेक्टिन वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. ७ ते १४ दिवसांनी दुसरा डोस. ४०० जणांना १२ मिलिग्रॅमच्या ८०० गोळ्या. पाच टक्के पर्मेथ्रिनचं मलम घेतलं तर मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची ट्यूब, दोन वेळा, म्हणजे ८०० ट्यूबा, आणि मानेपासून तळपायापर्यंत लावून ८ ते १४ तास ठेवायचं. पाण्याच्या रांगेत उभ्या कैद्याला ते जमतंच असं नाही. तरी गरोदर बायका आणि १५ किलोच्या आतली मुलं यांना मलमच. तुरुंगात आईबरोबर मुलं असतात, हे यादी करताना लक्षात ठेवा. आणि एक इशारा. कॅमेरून, गॅबन, काँगो या पट्ट्यात लोआ लोआ नावाच्या जंताची लागण असते. अंगात तो भरपूर असलेल्या माणसाला आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. तिथे स्थानिक आरोग्य खात्याशी बोलल्याशिवाय एकही गोळी द्यायची नाही.

औषधाच्या दिवशीच कपडे. अंगावरचे आणि पांघरूण अर्ध्या कापलेल्या पिंपात उकळायचे किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून किमान ३ दिवस, जमल्यास आठवडा, बाजूला ठेवायचे. त्वचेपासून दूर किडा तेवढा टिकत नाही. अडचण अशी की बहुतेकांकडे एकच जोड असतो. इथे तुमच्या जुन्या कपड्यांचा खरा उपयोग आहे. ४०० शर्ट आणि ४०० चड्ड्या, त्या एका आठवड्यासाठी, एकदम. वर्षभर थोडे थोडे वाटलेले कपडे विकले जातात.

औषधानंतरही खाज २ ते ४ आठवडे राहते हे आधीच कोठडी-कोठडीत सांगायचं, नाहीतर औषध खोटं होतं अशी बोंब उठते. आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला फाटकावरच पहिला डोस. तो नियम बसला नाही तर दोनेक महिन्यांत पुन्हा पहिल्यापासून.

उवा वेगळ्या. अंगावरच्या उवा कपड्यांच्या शिवणीत राहतात आणि त्यांच्यातून टायफस नावाचा ताप पसरतो, जुन्या लोकांचा जेल फीव्हर. हा इतिहासजमा रोग नाही. १९९५ मध्ये बुरुंडीतल्या एन्गोझीच्या तुरुंगात त्याची साथ उठली आणि पुढे निर्वासितांच्या छावण्यांत पसरली. डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो. अवघड आहे ते वेळेत ओळखणं.

जेवण

अख्खा तुरुंग जेवू घालायचा विचार मिशनने करू नये. माणशी ४५० ग्रॅम धान्य धरलं तरी ४०० जणांना रोज १८० किलो, महिन्याला ५,४०० किलो. एकदा तुम्ही सुरू केलंत की सरकारची गाडी येणं बंद होतं, आणि तुमचा निधी आटला की उपासमार. सरकार धान्य देतं तिथे डाळ, तेल, मीठ, शेंगदाणे यांची भर घाला, तीही आजारी आणि खंगलेल्यांपासून.

डाळ-शेंगदाण्याचा आग्रह चवीसाठी नाही. पॉलिशच्या पांढऱ्या भातावर महिनोन्महिने राहिलं की अंगातलं थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपतं आणि बेरीबेरी होतो. पाय सुजतात, हृदय थकतं. हा रोग समजायला तुरुंगांची मोठी मदत झाली. १८९० च्या दशकात डच डॉक्टर फोर्डरमनने जावा बेटावरच्या १०१ तुरुंगांची पाहणी केली आणि पांढरा तांदूळ खाणाऱ्या तुरुंगांत बेरीबेरी कितीतरी जास्त निघाला. हैतीच्या तुरुंगात तो आपल्या काळातही सापडला आहे. कोकणातला माणूस उकडा तांदूळ खातो, त्यात थायमिन दाण्यात मुरलेलं राहतं. खरेदी तुमच्या हातात असेल तर तोच घ्या, आणि पेज फेकू देऊ नका.

नाताळच्या मेजवानीबद्दल कडक बोलावं लागतं. हाडाची काडं झालेल्या माणसाला अचानक पोटभर बिर्याणी आणि केक दिला तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून तो मरू शकतो. असे कैदी आधी वजन-उंचीने वेगळे काढायचे. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १६ च्या खाली असेल तर आधी थायमिन, मग डॉक्टरच्या देखरेखीखाली किलोला १० कॅलरीपासून सुरुवात. ४० किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी ४०० कॅलरी. मेजवानी त्याला नंतर.

साबणाचं प्रमाण माणशी महिन्याला २५० ग्रॅम अंगाचा आणि २०० ग्रॅम कपड्यांचा, म्हणजे ४०० जणांना १८० किलो. वेष्टन काढून, वडी मधोमध कापून द्यावी. कोरी वडी ही तुरुंगात नोट असते, आणि ती कोठडीच्या दादाकडे जमा होते. दादाला टाळून वाटप करणं शक्य नाही. त्याच्या समोर, नाव पुकारून, प्रत्येकाच्या हातात, एवढंच शक्य आहे.

फायली

पाणी आणि औषधं यांनी तुरुंग सुसह्य होतो. गर्दी कमी होते ती फक्त फायलींनी, आणि सगळ्यात कमी खर्चात. मेक्सिकोच्या तिहुआना शहरात ला मेसा तुरुंगात मदर अँतोनिया ही अमेरिकन बाई १९७७ पासून कित्येक वर्षं दहा बाय दहा फुटांच्या कोठडीत राहिली. २०१३ मध्ये ती वारली. दंगलीत मध्ये उभी राहिली म्हणून ती प्रसिद्ध झाली. पण तिची खरी रोजची कामं म्हणजे किरकोळ चोरीवाल्यांचे छोटे दंड भरणं आणि डेंटिस्ट गाठून कैद्यांचे दात बसवून घेणं. दात नसलेल्याला सुटल्यावर नोकरी कोण देतो?

कामाची रीत अशी. एक वही, रकाने आठ: नाव, वय, अटकेची तारीख, कलम, कोर्ट, मागची तारीख, पुढची तारीख, त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा. प्रत्येक कच्च्या कैद्याला विचारून भरायची आणि तुरुंगाच्या रजिस्टरशी ताडून बघायची. मग चार गट पडतात. कमाल शिक्षेपेक्षा जास्त दिवस झालेले. जामीन मंजूर पण पैसे नाहीत असे. अल्पवयीन, वय चुकीचं लिहिलेले. आणि ज्यांची फाइलच हरवली आहे ते. चौथ्या गटाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण फाइल पोलीस ठाणं, वकील आणि कोर्ट यांच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती हाताने शोधावी लागते. यादी कोर्टाच्या रजिस्ट्रारकडे न्यायची, वर्तमानपत्राकडे नाही. मलावीत २००० पासून प्रशिक्षित पॅरालीगल (वकील नसलेले, कायद्याची मदत करणारे कार्यकर्ते) हेच करतात, आणि तिथे मॅजिस्ट्रेटच तुरुंगात येऊन यादीप्रमाणे प्रकरणं बघतात. ही मिशनची योजना नव्हे, पण उचलण्यासारखी आहे.

सुटका झाली की काम संपत नाही. फ्रेंच गयानामधल्या शिक्षावसाहतीत सुटलेल्यांनाही बराच काळ, आठ वर्षं किंवा जास्त शिक्षा असलेल्यांना तर जन्मभर, तिथेच राहायची सक्ती होती. सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचा शार्ल पेआँ १९२८ मध्ये तिथे गेला आणि कैद्यांइतकेच हे ‘सुटलेले’ भुकेने मरताना त्याने पाहिले. १९३३ पासून त्यांच्यासाठी निवारा, काम आणि मायदेशी परतायची सोय, आणि फ्रान्समध्ये सतत पाठपुरावा. १९३८ मध्ये तिथे नवे कैदी पाठवणं बंद झालं. शेवटचे लोक परतायला १९५३ उजाडलं. आजही सुटलेल्याकडे घरी जायचं बसभाडं नसतं, म्हणून फायलीच्या अंदाजपत्रकात भाड्याची ओळ असावी.

मारहाण दिसली तर? आधी अधीक्षकाला तोंडी, मग लेखी, मग वर. कैद्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय कुठेही नाही, कारण तुम्ही संध्याकाळी बाहेर असता, तो आत. त्या देशाने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचा २००२ चा पूरक प्रोटोकॉल मान्य केला असेल तर तुरुंग तपासणारी स्वतंत्र राष्ट्रीय यंत्रणा असायला हवी, तिच्याकडे जा. भारताने मूळ करारावर १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून नाही.

किल्ल्या कैद्यांकडे

ब्राझीलचं उदाहरण सगळे सांगतात, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडं थंड डोक्याने. १९७२ मध्ये साओ पाउलो राज्यातल्या साओ जोझे दोस काम्पोस इथे मारिओ ओत्तोबोनी हा वकील आणि काही कॅथलिक स्वयंसेवक तुरुंगात जाऊ लागले. त्यातून ‘आपाक’ उभं राहिलं. पुढे मिनास जेराइस राज्यात, इताउना गावापासून, ते खूप पसरलं. शस्त्रधारी पहारा नाही, गणवेश नाही, कैद्याला नावाने हाक, दाराच्या किल्ल्या कैद्यांकडे, शिस्त कैद्यांच्या परिषदेकडे. बंद, अर्धखुला, खुला असे तीन टप्पे. भिंतीवर लिहिलेलं असतं, इथे माणूस आत येतो, गुन्हा बाहेर राहतो.

हे चालतं कारण केंद्र लहान असतं, दोनेकशेच्या आत, कुटुंब जवळ राहतं, गावातले स्वयंसेवक रोज येतात, आणि कायदा न्यायाधीशाला तिथे बदली करायची मुभा देतो. यातलं एक जरी नसलं तर नक्कल फसते. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण तिथे फार कमी असल्याचे आकडे फिरतात, ते जपून घ्या: तिथे स्वतःहून नियम मान्य करणारे कैदीच जातात, त्यांची तुलना सगळ्या कैद्यांशी करणं बरोबर नाही. आकडे बाजूला ठेवले तरी स्वच्छ संडास, काम आणि मारहाण नसणं ही कमाई पुरेशी आहे. ठाण्यासारख्या कारागृहात ते जसंच्या तसं आणता येईल असं कुणी म्हणालं तर मात्र मी हसेन.

इथून काय पाठवायचं

न्हावा शेवाहून वीस फुटी कंटेनर पाठवायची हौस अनेकांना असते. जुन्या कपड्यांना बऱ्याच देशांत धुरीचं प्रमाणपत्र लागतं, आयातशुल्काची माफी माल घेणाऱ्या संस्थेच्या नावावर जहाज सुटायच्या आधी मंजूर हवी, आणि बंदरातले मोकळे दिवस संपले की रोजचं भाडं चढतं. ते मालापेक्षा जास्त होतं आणि कंटेनर तिथेच लिलावात जातो. साबण, कापड, पाइप तिथल्या बाजारात घ्या. औषधं पाठवायचीच असतील तर पोचताना किमान एक वर्ष मुदत शिल्लक असलेली, लेबल तिथे वाचता येईल अशा भाषेत, आणि डॉक्टरांकडची सॅम्पलं अजिबात नाही.

पैसे पाठवणं सोपं वाटतं, पण इथल्या धर्मादाय ट्रस्टला आयकराची सूट मुळात भारतातल्या खर्चावर आहे. ट्रस्टच्या खात्यातून परदेशी तुरुंगासाठी खर्च करायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते, आणि तो खर्च ट्रस्टच्या उद्देशांत बसतो का हेही बघावं लागतं. व्यक्तीने रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत पाठवता येतात, पण त्यावर देणगीची आयकर-वजावट नाही. आधी सीए, मग दानपेटी.

स्वतः जाणाऱ्यांनी आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशात जायचं असेल तर लस किमान १० दिवस आधी घ्यावी. नुसती तिथे उतरताना नाही, परत येतानाही मुंबई विमानतळावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, आणि नसलं तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. परतल्यावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर टीबीची तपासणी, न लाजता.

परदेशच कशाला, असं विचारणाऱ्यांचंही बरोबर आहे. पार्किन्सनचा आजार असलेल्या फादर स्टॅन स्वामींना तळोजा कारागृहात असताना पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला होता. ५ जुलै २०२१ रोजी कैदेतच, रुग्णालयात, ते वारले. केरळमधून १९८१ मध्ये सुरू झालेली प्रिझन मिनिस्ट्री इंडिया देशभर काम करते, आणि गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. तिचा अर्ज भरायला मदत करणारी माणसं कमी आहेत.

आणि परदेशी मिशनला पैसे दिलेत तर कैद्यांचे फोटो मागू नका. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदेशीर असतात, आणि ज्याचा फोटो निघतो त्याला नकार द्यायची सोय नसते. दर महिन्याला पाच आकडे मागा: आत किती जण, रोज टाकीत किती लिटर, नळावर क्लोरिन किती, खरजेचे नवे किती, आणि वहीतले किती जण घरी गेले. अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के दुरुस्तीसाठी ठेवलेत का, हेही पहिल्याच पत्रात विचारा.